३१ मेच्या चर्चेची आठवण

मंडळी, ३१ मे म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन जवळ आलाय, त्या दिवशीची आपली चर्चा विसरू नका. विषय सरकारी कायदे नि योजना. नुसते 'तंबाखू वाईट' वाले फॉरवर्ड नकोत प्लीज, कायद्याने नेमकं काय होतं ते बोलायचंय. म्हणजे बघा, जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००५ पासून लागू आहे, आयर्लंडने २००४ मध्येच ऑफिस आणि पबमधलं स्मोकिंग बंद केलं, ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये पाकिटावरचे कंपन्यांचे रंग-लोगोच काढायला लावले. माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग टॅक्सचा होतो, कारण भाव वाढला की नवी पोरं कमी लागतात नादाला. पण टॅक्स लावून मोकळं व्हायचं असं नको, जो सोडू बघतोय त्याला फोनवर सल्ला, समुपदेशन, औषधं हे पण सरकारने द्यायलाच पाहिजे, सवय लागलेला माणूस काही गुन्हेगार नाहीये. ग्रुपमधले जे कोणी सोडायचा प्रयत्न करतायत त्यांनी जरूर लिहा, आणि त्यांना कोणी टोमणे मारू नका ही कळकळीची विनंती. प्रत्येकाने एकेक देश निवडून ३० तारखेपर्यंत इथे टाका.