स्टुडिओ विकताना जागेपलीकडचेही पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्टुडिओ विकला म्हटले की कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, जागा किती गेली? विकलेला जयप्रभा स्टुडिओ वाचवण्यासाठी २०२२ मध्ये कलाकार आंदोलनाला बसले, ते योग्यच होते. पण मोठी करमणूक कंपनी निर्मिती संस्था विकत घेते तेव्हा तिचा डोळा जागेवर नसतो. तिला हवे असतात जुन्या चित्रपटांचे हक्क, संस्थेचे नाव आणि तिथली माणसे.

डिस्नेने २००६ मध्ये पिक्सार ही अ‍ॅनिमेशन चित्रपट बनवणारी संस्था ७४० कोटी डॉलरना घेतली, तीही रोख न देता: पिक्सारच्या एका शेअरमागे डिस्नेचे २.३ शेअर. पिक्सारच्या कामाच्या पद्धती जपण्याच्या अटी आधीच ठरल्या होत्या. इमारतीवरची पाटी आणि कर्मचाऱ्यांचे ई-मेल पत्तेसुद्धा पिक्सारचेच राहिले. ब्लू स्काय ही अ‍ॅनिमेशन संस्था मात्र २०१९ मध्ये फॉक्स कंपनीच्या मोठ्या खरेदीसोबत डिस्नेकडे आली आणि २०२१ मध्ये बंद झाली. सुमारे ४५० जणांचे काम गेले, चित्रपटांचे हक्क डिस्नेकडेच राहिले. नावाचेही तसेच. डिस्नेने घेतलेल्या मिरामॅक्स या निर्मिती संस्थेचे नाव संस्थापक भावांनी आईवडिलांच्या नावांवरून ठेवले होते. २००५ मध्ये हे भाऊ बाहेर पडले तेव्हा नाव डिस्नेकडेच राहिले.

आपल्याकडच्या लहान निर्मात्याचा सौदा बहुतेक वेळा अडतो तो कागदांवर. कथालेखकाने हक्क दिल्याचे हस्तांतरणपत्र नाही, संगीतकाराशी सगळे तोंडी, चित्रपटाची मूळ निगेटिव्ह फिल्म लॅबमध्ये आणि लॅबचे बिल थकलेले. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच धरतात. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी मुदत न घालता घेतलेली कथा आज विकायला निर्मात्याच्या हातात नसतेच! शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा थिएटरबाहेरच्या वापरावरील रॉयल्टीचा हक्क करारात लिहूनही काढून घेता येत नाही. घेणारा हे सगळे तपासतो आणि त्रुटी सापडली की किंमत पाडतो.

दुसरी गोम पैशांची. कंपनीचे शेअर विकले की जुनी देणी आणि कोर्टकज्जेही त्या कंपनीसोबत जातात, म्हणून घेणारा हमी लिहून मागतो आणि काही रक्कम अडवून ठेवतो. उरलेले पैसे ‘पुढच्या चित्रपटांच्या नफ्यावर’ देऊ म्हणाला तर जपून. नफ्याचा हिशेब त्याच्या वहीत होतो. मुख्य कार्यालयाचा खर्च त्यात टाकला की नफा उरतच नाही. वाटा मागायचा तर एकूण वसुलीवर मागावा आणि वह्या तपासण्याचा हक्क लिहून घ्यावा. कोणता चित्रपट करायचा याचा शेवटचा शब्द कोणाचा, हेही करारातच हवे, कारण तोंडी आश्वासन देणारा अधिकारी वर्षभरात बदलून जातो.

अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे मुख्य कार्यालय कोल्हापुरातच आहे. महामंडळाने जाणत्या वकिलांकडून अशा कराराचा मराठी नमुना तयार करून घ्यावा आणि सभासदांना मोफत द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर