सागवानी टेबले लिलावात नकोत, शाळांच्या कार्यशाळेत हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चअखेर जवळ आली की अनेक कार्यालयांत आणि जुन्या शाळांत डेडस्टॉक रजिस्टरमधील (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतील) लाकडी टेबलांच्या निर्लेखनाची, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याची, घाई सुरू होते आणि दोघांनाही सहज न उचलवणारी अस्सल सागवानी टेबले भंगाराच्या भावाने लिलावात निघतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकाम, धातुकाम, विद्युतकाम यांचा प्रत्यक्ष अनुभव द्यावा आणि त्यासाठी १० दिवस दप्तराविना शाळा भरवावी असे सांगितले आहे. परंतु कितीतरी शाळांत करवत किंवा कानस चालवण्याजोगे एकही भक्कम टेबल नाही. मुले फळी पायाखाली दाबून जमिनीवर कापतात, फळी सरकते आणि करवत बोटावर येते. कार्यशाळेत मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून या दोन गोष्टींची सांगड घालावी, अशी कळकळीची विनंती मी या पत्राद्वारे करीत आहे.

मात्र जुने टेबल आहे तसे कार्यशाळेत नेऊन ठेवले तर ते वर्षभरही टिकणार नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. लिहिण्याचे टेबल वरून येणारे फायलींचे वजन पेलण्यासाठी बनवलेले असते, तर कानस चालवताना जोर आडवा, पुढे-मागे बसतो आणि त्या हिसक्यांनी पायांचे सांधे खिळखिळे होतात. जुना सरस वाळून ठिसूळ झालेला असल्यामुळे आधी सांधे हलक्या हाताने सोडवून, तो खरवडून काढून, नव्याने चिकटवून आवळले पाहिजेत. चौकट काटकोनात बसली की नाही हे पाहण्यासाठी सुतळीने दोन्ही कर्ण मोजावेत आणि ते तंतोतंत सारखे आल्याशिवाय पुढचे काम करू नये. त्यानंतर पाठीमागच्या बाजूला १२ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड पूर्ण रुंदीला स्क्रूने बसवले आणि पायांना जमिनीपासून चार-पाच इंचांवर आडव्या पट्ट्या जोडल्या, की टेबलाचे डुलणे जवळजवळ थांबते. माझ्या मते सगळ्या कामात हे मागचे प्लायवूड सर्वांत मोलाचे आहे, आणि नेमके तेच खर्चाच्या नावाखाली वगळले जाते. बाजूचे खण काढून टाकू नयेत. खालच्या खणांत विटा भरल्या तर टेबल जागचे हलत नाही.

जुना पृष्ठभाग शाईचे डाग पडलेला असला तरी तो तसाच ठेवून त्यावर १९ मिलिमीटरच्या प्लायवूडचे दोन थर चिकटवून स्क्रूने बसवावेत. समोरची कड चौकटीच्या दोन-तीन इंच पुढे यावी, म्हणजे क्लॅम्प लावायला जागा मिळते. व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शिकंजा, मधोमध न बसवता पुढच्या पायाला खेटून बसवावा आणि तो स्क्रूने नव्हे, तर आरपार बोल्टने, खाली लोखंडी पट्टी व वायसर घालून आवळावा. त्याचा स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर राहिला पाहिजे. तसे नसेल तर लांब पट्टी उभी धरताना ती कडेला अडते आणि मुले ती तिरपी धरून कानस मारू लागतात.

लिहिण्याच्या टेबलाची उंची सुमारे ७५ सेंटीमीटर असते आणि मोठ्या माणसाला उभ्याने काम करण्यासाठी ती कमी पडते. परंतु वरचे दोन थर आणि चार इंची व्हाइस धरल्यास जबडे नव्वद सेंटीमीटरच्या थोडे वर येतात, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या साधारण कोपराच्या उंचीला; आणि कानसकामासाठी नेमकी हीच उंची योग्य मानली जाते. बाजारात मिळणारी तयार वर्कबेंच या मुलांना उंच पडतात, ही जुनी टेबले मात्र पाय न कापता त्यांना बसतात.

रंगाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाले, त्यामुळे त्यापूर्वी रंगवलेल्या टेबलांच्या रंगात शिसे असू शकते. अशा टेबलांवर मुलांकडून कोरडा पॉलिशकागद कदापि घासून घेऊ नये. रंग काढायचाच असेल तर मोठ्यांनी, शाळेबाहेर, ओला करून खरवडावा. वाळवी किंवा भुंगा लागलेले टेबल तर सरळ बाजूला काढावे.

हाताने काम करत शिकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावाच्या उपयोगाची कामे करताकरता मुले शिकतात, हे तेथे दाखवून दिले. शाळांना आज अडचण आहे ती साध्या साधनांची. म्हणून शालेय शिक्षण विभाग आणि वित्त विभागाने एकत्रितपणे असे परिपत्रक काढावे, की निर्लेखित लाकडी टेबले लिलावात काढण्यापूर्वी त्याच तालुक्यातील शाळांना विनामूल्य देऊ केली जातील, आणि प्लायवूड, बोल्ट, व्हाइस व स्थानिक सुताराची मजुरी यांचा खर्च शाळेच्या अनुदानातून करण्यास स्पष्ट परवानगी असेल. हा निर्णय येत्या मार्चच्या लिलावांपूर्वी व्हावा.

आपला,
एक निवृत्त कार्यशाळा निदेशक, सातारा