तळमजल्यावरच्या काकांना, खारीककडून आणि आमच्याकडून

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावते आहे, रागावू नका. समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "चहा घेणार का?" म्हणून विषय बदलता. शिवाय आपल्या बिल्डिंगमध्ये कुत्रा आणि रांगतं मूल दोन्ही असलेली आणखी दोन घरं आहेत. त्यांनीही वाचावं.

जूनमधला तो रविवार. मेंटेनन्सची पावती द्यायला तुम्ही वर आलात आणि दारातूनच माझा आरडाओरडा ऐकलात. ओवी तेव्हा दहा महिन्यांची, रांगण्यात नुकती तरबेज झालेली. खारीक टीपॉयखाली हाड चघळत होता, ही थेट त्याच्या तोंडापाशी गेली आणि तो गुरगुरला. मी पेपरची सुरळी करून त्याला दोन हाणल्या. सासूबाईंनी "आजच्या आज कुत्रा बाहेर" असा निकालच दिला होता. सीवूड्स स्टेशनबाहेर भर पावसात सापडलेला, सहा वर्षं सांभाळलेला जीव. पण त्या क्षणी मला त्यांचं पटलं होतं, हेही कबूल करते.

तुम्ही ओवीला उचलून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "अगं, तो तुझ्याशी बोलला, आणि बोलला म्हणून त्याला मार पडला. उद्या बोलायचंच सोडेल आणि सरळ दात लावेल."

पोलिसांच्या श्वान पथकात नोकरी काढलेला माणूस सांगतोय म्हणून गप्प बसले, नाहीतर वाद घातला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला अर्धा तास जमिनीवर बसवलंत. मोबाइल नाही, बोलणं नाही, फक्त कुत्र्याकडे बघायचं. झोप आलेली नसताना जांभई. समोर खाणं नसताना ओठ चाटणं. तोंड दुसरीकडे फिरवणं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं, आणि मग अंग लाकडासारखं ताठ. गुरगुरणं यानंतर येतं. म्हणजे त्या रविवारी खारीकनं आधी तीन-चारदा सांगून पाहिलं असणार, आणि मी त्याची जांभई बघून "किती निवांत आहे" म्हणत असणार! ओवी त्याच्या गळ्यात पडलेली असा एक फोटो आमच्या फ्रिजवर होता, येणारा-जाणारा कौतुक करायचा. तुम्ही तो बराच वेळ पाहिलात आणि एवढंच म्हणालात, "त्याचे कान बघ." कान मागे चिकटलेले होते. फ्रिजवरून तो फोटो त्याच रात्री उतरवला.

पाळण्यात पडून राहणारं बाळ कुत्र्याला चालतं. तेच बाळ रांगत त्याच्या तोंडाच्या उंचीवर आलं, शेपूट ओढायला लागलं, की त्याच्या दृष्टीनं घरात नवाच प्राणी आला. हे तुम्ही सांगेपर्यंत "इतके महिने काही केलं नाही त्यानं" यावरच आम्ही निर्धास्त होतो.

सिडकोच्या आपल्या वन बीएचकेत कुत्र्यानं बाजूला व्हायचं तरी कुठे? तुम्हीच सुतार आणलात, बेडरूमच्या दाराला उभ्या पट्ट्यांचं कमरेएवढं फाटक करून घेतलंत. आत त्याची गादी, ताट, हाड. तिथे ओवीला प्रवेश नाही. कुकर झाला, बेल वाजली, की आधी फाटक लावायचं, मग गॅस किंवा दार. त्याच खोलीत मोबाइल बघत बसणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे, हे ओवीच्या बाबाला पटायला जरा वेळ लागला. सोफ्याबद्दल मात्र मी तुमच्याशी अजूनही भांडणार. ओवी झोपल्यावर खारीक सोफ्यावर बसतो, बसू दे.

सप्टेंबरात खेळताना त्याचं नख ओवीच्या दंडाला लागलं. रक्त नाही, बारीक ओरखडा. सासूबाई हळदीचा डबा घेऊन आल्या, पण तुमचं वाक्य डोक्यात पक्कं होतं: वाहतं पाणी, साबण, घड्याळ लावून 15 मिनिटं, आणि मग डॉक्टर. खारीकची रेबीजची लस दरवर्षी होते, तरी मुलांच्या डॉक्टरांनी ओवीला लस सुरू केली. पहिल्या दिवशी एक, मग तो दिवस शून्य धरून 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. "एवढ्याशा ओरखड्याला?" असं चौथ्या मजल्यावर कुणीतरी म्हणालं. हो, एवढ्याशा ओरखड्याला.

ओवी आता दीड वर्षाची आहे. उघड्या तळव्यानं पाठीवरून तीन वेळा हात फिरवते, "बाश" म्हणते आणि हात मागे घेते. तो जवळ सरकला तरच पुन्हा. परवा माझा भाऊ जेवणाऱ्या खारीकला थोपटायला गेला, तर सासूबाईच कडाडल्या, "खातोय ना तो! लांब हो आधी."

तुमचा स्टीलचा डबा अजून आमच्याकडेच आहे. रिकामा कसा परत करायचा, म्हणून सासूबाई थांबल्यात. शनिवारी नारळाच्या वड्या होतील.

तुमची,
ओवीची आई, तिसरा मजला
नेरूळ