लॅपटॉप भंगारात देण्यापूर्वी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जुन्या संगणकांवर आलेला लेख वाचला. विंडोज 10 चे अपडेट थांबल्यावर काय करावं, याची माहिती त्यात नीट दिली होती. पण शेवटी विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या लिनक्सचा उल्लेख ‘फुकटातला पर्याय’ म्हणून एका ओळीत उरकला आणि त्यात मराठी धड चालत नाही, असंही म्हटलं. ती ओळ वाचून कुणी आपला चालता संगणक भंगारात देईल, या काळजीने हे लिहिते आहे. हे पत्रही लिनक्सवरच टाइप केलं आहे.

मी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहते. 31 वर्षं शाळेत संगीत शिकवलं, आता घरीच गाण्याच्या शिकवण्या घेते. विद्यार्थ्यांना बंदिशी आणि अभंग स्वरलिपीसकट टाइप करून द्यायचे, मेल, बँक आणि नातीशी व्हिडिओवर बोलणं, एवढंच माझं संगणकावरचं काम. लॅपटॉप 2016 चा, रॅम 4 जीबी. 14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट बंद होणार म्हणून बाडा या चौकाजवळच्या एका दुकानात तो दाखवायला नेला. विंडोज 11 यावर बसणार नाही, असं तिथल्या मुलाने सांगितलं आणि ते खरं होतं. त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचाच चालतो. मग मी लिनक्सचं विचारलं. तो म्हणाला, “आंटी, वो मुफ्त का है. बाद में परेशान हो जाओगी.”

सगळी गोम या ‘मुफ्त’मध्ये आहे. हिंदीत मुफ्त आणि मुक्त यांच्यात एका अक्षराचा फरक, इंग्रजीत तर दोन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द. अमेरिकी प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, आणि आपण किमतीबद्दल नव्हे, स्वातंत्र्याबद्दल बोलतो आहोत, हे त्यांना पुढे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मराठीत फुकट आणि मुक्त हे दोन वेगळे, स्वच्छ शब्द आहेत. तरी आपण ‘फुकट’च म्हणतो, आणि फुकट म्हटलं की माल हलका, हे ओघानं आलंच.

मला हे समजायला माझं गाणं उपयोगी पडलं. मी इथल्या माधव संगीत महाविद्यालयात शिकले. 1918 साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने ते सुरू झालं. पूर्वी घराण्याची चीज, म्हणजे बंदिश, बाहेर जाऊ द्यायची नाही, पोटच्या मुलाला नाहीतर गंडाबंध शिष्यालाच द्यायची, अशी रीत होती. भातखंड्यांनी गावोगाव फिरून उस्तादांकडून चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि छापल्या. छापली म्हणून एकही चीज हलकी झाली नाही. उलट एखादा स्वर चुकीचा वाटला, तर त्यावर बोट ठेवायला कागद समोर आला. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही प्रोग्रॅम कसा लिहिला आहे ते सर्वांसमोर असतं. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. मात्र ते बेवारस नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत विद्यार्थी असताना 1991 मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला आणि 1992 मध्ये तो जीपीएल परवान्याखाली आणला. बदल करून तो पुढे दिलात, तर बदललेला कोडही त्याच अटींवर द्यायचा, असा तो परवाना आहे.

आता चोरीचं बोलते. याच दुकानातून तीन वर्षांपूर्वी 500 रुपये घेऊन मला विंडोज ‘टाकून’ दिलं होतं. परवान्याचं विचारायला हवं हे मला ठाऊकच नव्हतं. दिवाळीला पुण्याहून भाचा आला, त्याने पाहिलं तेव्हा कळलं की ते क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवून चालवलेलं होतं, आणि क्रॅक चालावा म्हणून आतलं अँटिव्हायरस बंद करून ठेवलं होतं. त्याच लॅपटॉपवरून मी बँकेचे व्यवहार करत होते. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्याची चीज स्वतःच्या नावावर गाणाऱ्याला आम्ही दारात उभं करत नाही, आणि इथे मी तीन वर्षं चोरीची वस्तू वापरली, तीही पैसे मोजून. असली ‘टाकून’ घेतलेली विंडोज किती घरांत आणि किती क्लासमध्ये असतील! ती आपल्याला चालतात, आणि जे उजळ माथ्याने मिळतं त्याचा संशय येतो.

भाच्याने लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) पेन ड्राइव्हवर घेतलं आणि आधी तिथूनच चालवून दाखवलं. ही सोय असते हेच पुष्कळांना माहीत नाही. डिस्कवरच्या एकाही फायलीला हात न लावता दोन दिवस वापरून बघा, वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, आणि पटलं तरच बसवा. मी तसंच केलं. फायलींची नक्कल काढून ठेवली आणि भाऊबीजेच्या दिवशी बसवलं. त्याच वेळी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क घातली. लॅपटॉप आता जो झपकन सुरू होतो त्यात एसएसडीचाही मोठा वाटा आहे, ते श्रेय सगळं लिनक्सला देणार नाही.

मराठीसाठी काहीही विकत घ्यावं लागलं नाही. कीबोर्डच्या यादीतून मराठी निवडलं की इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कळरचना हजर. आमच्याकडे हिंदी टायपिंग करणाऱ्यांना ‘दुसऱ्या’ लिहिता येत नाही, ते ‘दुसर्या’ नाहीतर ‘दूसरया’ करून ठेवतात. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबली की टिंबाचा ऱ उमटतो, पुढे डी दाबला की त्याचा पाय मोडतो, मग य आणि काना. शिफ्ट आणि एनवर ळ. स्वरलिपीत कोमल गंधाराखाली देतात ती आडवी रेघ लिब्रेऑफिस या लेखनाच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये कंट्रोल आणि यूने येते.

मग मराठीचे हाल ही समजूत आली कुठून? माझ्या जुन्या फायली कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये होत्या. त्या उघडल्या तर ‘भारत’च्या जागी एच, के, के, जे, आर ही इंग्रजी अक्षरं! लोक इथेच हात टेकतात. पण कृतिदेवच्या फायलीत मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यांना देवनागरीचं रूप देतो तो फॉन्ट. तो नसेल तर विंडोजवरही हेच दिसतं. सगळ्या फायली कन्व्हर्टरमधून युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आणायला मला दोन आठवडे लागले, कारण जोडाक्षरं हाताने तपासावी लागली. आता त्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरही उघडतात.

कोड उघडा म्हणजे चोरांना आमंत्रण, असंही सांगतात. आणि लिनक्सला व्हायरस लागतच नाही, असं त्याचे चाहते सांगतात. दोन्ही चूक. 2024 च्या मार्चमधली एक्सझेड या छोट्या मुक्त प्रोग्रॅमची घटना मला भाच्याने समजावली, ती मी विसरू शकत नाही. एका टोपणनावाच्या माणसाने दोनेक वर्षं निमूटपणे मदत करून विश्वास मिळवला आणि आत चोरदार बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा अभियंता दुसऱ्याच कसल्या चाचण्या करत होता. 0.3 सेकंदात होणाऱ्या लॉग-इनला 0.8 सेकंद लागतात, हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! तबलजी किंचित मागे पडला की गाणाऱ्याला जसं टोचतं, तसंच. कोड उघडा होता म्हणून तो मागोवा घेत मुळाशी जाऊ शकला, आणि ती आवृत्ती सगळीकडे पोचण्यापूर्वी 29 मार्चला त्याने जगाला सावध केलं. कोड उघडा असूनही तो माणूस आत शिरला, हेही तितकंच खरं. बघायची मुभा आहे, पण बघणारं कुणीतरी लागतं. म्हणून अपडेट आले की मी ते त्याच दिवशी करते.

मागे कुणी कंपनी नाही, ही भीतीही निराधार आहे. आयबीएमने 2019 मध्ये 34 अब्ज डॉलर देऊन रेड हॅट घेतली, ती लिनक्सवर सेवा देणारीच कंपनी. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच, आणि 2017 पासून जगातल्या पहिल्या 500 महासंगणकांच्या यादीतले सगळे लिनक्सवर चालतात. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकतात.

तरी सरसकट सर्वांना हा सल्ला देणार नाही. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, तेव्हा हिशेबाचा धंदा करणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. माझ्या जुन्या लेझर प्रिंटरने एक अख्खी दुपार खाल्ली. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची वेळ आली ती तेवढी एकदाच, तीही भाच्याने फोनवर अक्षर न अक्षर सांगून करवून घेतली.

पुरवणीत याबद्दल पुन्हा लिहाल तेव्हा पेन ड्राइव्हवरून चालवून बघायची रीत कृपया सविस्तर छापा, आणि ‘फुकट’ऐवजी ‘मुक्त’ लिहा. लष्करातल्या माझ्या दोन मैत्रिणींनी आपले लॅपटॉप विकायला काढले होते. पेन ड्राइव्ह सध्या त्यांच्याकडे आहे.

आपली,
एक निवृत्त संगीतशिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर