सत्काराची बातमी आली, व्याख्यानाची नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार

गेल्या शनिवारी नाशकात एका विद्यापीठात सगळ्यांसाठी खुलं व्याख्यान होतं, नावाजलेल्या विज्ञान पत्रकार बाई आल्या होत्या, मी पिंपळगाव बसवंतहून एसटीने मुद्दाम गेलो. द्राक्षबाग आहे माझी, शिक्षण बारावी सायन्स. सोमवारी तुमच्या पेपरात बघितलं तर दीपप्रज्वलनाचा फोटो, मंचावरच्या सगळ्यांची नावं, शाल-श्रीफळ आणि शेवटी "मार्गदर्शन केले". अहो पण त्या दीड तास काय बोलल्या त्यातलं एक वाक्य नाही, खरंच वाईट वाटलं.

कारण त्या बोलल्या ते बातमीतला आकडा कसा वाचायचा यावरच. अमुक खाल्ल्याने आजाराचा धोका 50 टक्क्यांनी वाढतो असं हेडिंग दिसलं की आधी विचारा म्हणे, कितीवरून किती? हजारात 2 जणांना व्हायचा तो आता 3 जणांना होतो, तरी वाढ 50 टक्केच.

मग पावसाचं निघालं, ते तर माझ्या घरचंच. हवामान खातं सरासरीच्या 96 ते 104 टक्के पावसाला नॉर्मल म्हणतं, पण ती सरासरी अख्ख्या देशाची, जून ते सप्टेंबरची, 87 सेंटिमीटर. आपल्या एका जिल्ह्यातच इगतपुरीला धो धो आणि येवल्याला टँकर, मग देशाच्या आकड्यावरून माझ्या शिवाराचं काय कळणार? आणि आमची बाग जाते ती ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पावसाने, फुलोऱ्यात पाणी आलं की डावणी आणि घडकूज हे रोग येतात, तो पाऊस तर त्या अंदाजात धरलेलाच नसतो!! इतकी वर्षं आम्ही पारावर बसून हवामान खात्याला शिव्या देत आलो, तो आकडा नेमका कशाचा हे कुणी समजावून सांगितलंच नाही.

सत्कार लांबले म्हणून प्रश्नांना जेमतेम दहा मिनिटं उरली. व्याख्यान इंग्लिशमध्ये, मला निम्मं-अर्धं कळलं, बाकीचं शेजारच्या एम.एस्सी.च्या मुलीने हळू आवाजात मराठीत सांगितलं, तिचे खूप उपकार. तिलाही प्रश्न विचारायचा होता, हात वर करून उभी होती, तेवढ्यात आभार सुरू झाले.

तुम्हाला विनंती एवढीच की अशा कार्यक्रमाला वार्ताहर पाठवाल तेव्हा त्याला शेवटपर्यंत बसू द्या आणि वक्ता काय बोलला ते दोन कॉलम तरी छापा, मान्यवरांची नावं चार कमी आली तरी चालतील. आणि विद्यापीठवाल्यांनाही सांगा, 27 फेब्रुवारीला तात्यासाहेबांचा, म्हणजे कवी कुसुमाग्रजांचा, वाढदिवस म्हणून आपण मराठी भाषा गौरव दिन करतो, दुसऱ्याच दिवशी 28 ला विज्ञान दिन असतो, तर त्या दिवशी हेच व्याख्यान मराठीत ठेवा, गोदाघाटावर ठेवा, वसंत व्याख्यानमालेला लोक तिथं पायऱ्यांवर बसून ऐकतातच की. निफाड-दिंडोरीची माणसं आणायची जबाबदारी माझी, एक टेम्पो तर मी आत्ताच सांगून ठेवतो.

आपला नेहमीचा वाचक,
एक द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक