‘द इप्क्रेस फाइल’ पूर्ण रुंदीत दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साठच्या दशकातल्या हेरपटांवरच्या आपल्या पुरवणीतल्या लेखाने ‘द इप्क्रेस फाइल’ (१९६५) कमी खर्चातला बाँडपट म्हणून एका ओळीत उरकला. हे पटत नाही. निर्माता हॅरी साल्ट्झमन बाँडपटांचाच. संकलक पीटर हंट, कलादिग्दर्शक केन अ‍ॅडम आणि संगीतकार जॉन बॅरी हे तिघेही आदल्या वर्षीच्या ‘गोल्डफिंगर’मधले. याच मंडळींनी इथे ठरवून उलट्या दिशेने काम केलं. मायकेल केनने रंगवलेला नायक, गुप्तहेर हॅरी पामर, गजराने उठतो, आणि तो चष्मा लावेपर्यंत आपल्यालाही खोली धूसरच दिसते. साहेबाशी त्याची खडाजंगी होते ती सुपरमार्केटात, ट्रॉल्या ढकलत, अळंबीच्या डब्यावरून. त्याच्या स्वयंपाकघरात भिंतीवर पाककृतींची कात्रणं आहेत. ती मूळ कादंबरीकार लेन डेटन यांच्याच वृत्तपत्रातल्या सदराची. अंडी फोडणारे हातही डेटन यांचेच.

पण या चित्रपटाचा खरा जीव आहे त्याच्या चौकटीत. दिग्दर्शक सिडनी फ्युरी आणि छायालेखक ऑटो हेलर यांनी तो टेक्निस्कोप या रुंद पडद्याच्या चित्रणपद्धतीत चित्रित केला. एरवी ३५ मि.मी. फिल्मवर एका फ्रेमला फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांएवढी उंची लागते, इथे दोनच. म्हणजे फिल्म निम्मी: मिनिटाला ९० ऐवजी ४५ फूट, हजार फुटांचं रीळ अकराऐवजी बावीस मिनिटं. पैसे वाचले हे खरं, पण मोठा लाभ भिंगांचा झाला. सिनेमास्कोपचं, प्रतिमा आडवी दाबून घेणारं ५० मि.मी.चं भिंग जेवढी रुंदी पकडतं, तेवढी इथे साधं २५ मि.मी.चं भिंग पकडतं. भिंग आखूड, म्हणून फोकसची खोली जास्त, आणि वस्तू अगदी भिंगाजवळ ठेवता येते. पुढे लॅम्पशेड, कुणाचा तरी खांदा, दाराची चौकट आणि माणूस पार कोपऱ्यात, ही रचना त्यातून साधली. अल्बर्ट हॉलबाहेरची मारामारी तर कॅमेरा टेलिफोन बूथच्या आतून, काचांच्या चौकोनांतून पाहतो. ठोसे नीट दिसत नाहीत. कुणीतरी चोरून पाहतंय, असं वाटत राहतं, आणि पूर्ण चित्रपट याच नजरेने पाहायचा आहे.

म्हणूनच कडा कापल्या की चित्रपट मेला. २.३५:१ ची (रुंदी उंचीच्या २.३५ पट) प्रतिमा जुन्या ४:३ पडद्यात भरली, तर सुमारे ४३ टक्के रुंदी जाते; आजच्या १६:९ पडद्यावर झूम करून भरली, तरी जवळजवळ पाव भाग जातो. कोपऱ्यातला माणूस गेला की उरतो तो नुसता लॅम्पशेड.

फिल्म सोसायट्यांनी आणि घरी पाहणाऱ्यांनी एवढं करावं. प्रोजेक्टरवर ‘झूम’ वा ‘फिल’ बंद ठेवावं. ब्ल्यू-रेच्या १०८० ओळींपैकी सुमारे ८१७ ओळींत चित्र असतं, वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. पडदा बारा फूट रुंद, १६:९चा असेल, तर चित्राची उंची सुमारे ५ फूट १ इंच भरते. उरलेली जागा वर-खाली दहा-दहा इंच काळ्या कापडाने झाकावी. प्रोजेक्टरवर त्या पट्ट्या पूर्ण काळ्या न दिसता राखाडी उजळतात, आणि त्यामुळे अंधाऱ्या गोदामातलं दृश्य फिकं पडतं. टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग बंद करावं, नाहीतर सेकंदाच्या २४ चौकटींमध्ये खोट्या चौकटी घुसतात.

चित्राचा दाणा (फिल्मचे बारीक कण, ग्रेन) दिसला तर ‘नॉइज रिडक्शन’ लावू नये. निगेटिव्ह निम्मं म्हणून दाणा मुळातच ठळक. साठच्या दशकात टेक्निकलरच्या डाय-ट्रान्सफर, म्हणजे साच्यांनी फिल्मवर रंग उमटवण्याच्या छपाईत चित्र थेट त्या साच्यावर (मॅट्रिक्सवर) मोठं होत असे. ती पद्धत सत्तरच्या दशकात बंद पडल्यावर मध्ये एक जादा डुप्लिकेट करावी लागली आणि दाणा वाढला. तो पुसायला गेलं की चेहरे मेणाचे होतात.

ध्वनी मूळ मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाचा आहे. डिस्कवर मोनो ट्रॅक असेल तर तोच निवडावा. बॅरींनी वापरलेलं सिम्बलोम हे संतूरच्या कुळातलं, काठ्यांनी वाजवायचं हंगेरियन वाद्य. त्याचा लांबत जाणारा, थरथरता स्वर समोरच्या एकाच स्पीकरमधून स्वच्छ येतो. बास फार वाढवला तर तो घुमून संवादांवर चढतो.

आपला,
फिल्म सोसायटीचा एक कार्यकर्ता, ठाणे