संस्थेचं डोमेन संस्थेच्याच नावावर हवं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट आहे, साधीच, पण पोथ्यांची यादी, स्कॅन केलेले जुने अंक, शाळेचे फोटो सगळं तिथेच आहे आणि बाहेरगावी गेलेली मंडळी वर्गणीही तिथूनच भरतात. मागच्या वर्षी आमचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, नोंदवणाऱ्या कंपनीने (तिला रजिस्ट्रार म्हणतात) रिन्यूअलची रक्कम इतकी वाढवली की कमिटीत ठरलं, डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं. वाटलं अर्ध्या तासाचं काम. साडेतीन महिने गेले.

कारण डोमेन वाचनालयाच्या नावावर नव्हतंच! ज्या मुलाने हौसेने साइट करून दिली त्याच्या नावावर, ईमेल त्याच्या कॉलेजचा, फोन नंबर त्याने कधीच सोडलेला, आणि तो आता टोरांटोला. मुलगा गुणाचा, तिथले रात्रीचे नऊ म्हणजे आपले सकाळचे साडेसहा, त्या वेळी आठवडाभर व्हिडिओ कॉलवर बसला, कॉलेजला विनवण्या करून जुना ईमेल चालू करून घेतला, तेव्हा कुठे लॉगिन मिळालं.

मग आमच्याकडून चूक झाली, ती सांगतो म्हणजे दुसऱ्यांची टळेल. घाईघाईत आधी मालकाचं नाव बदलून वाचनालयाचं टाकलं. डॉट कॉम, डॉट ऑर्गला नाव बदललं की साधारण ६० दिवस डोमेन दुसरीकडे नेता येत नाही, आयकॅनचा, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेचा, नियम आहे, चोरी रोखायलाच केलेला, पण आमची मुदत नेमकी त्याच ६० दिवसांत संपत होती. मग जुन्याच कंपनीला वाढीव पैसे भरले. न भरून करणार काय, मुदत उलटून डोमेन रद्द झालं की ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, मग ५ दिवसांनी नाव सगळ्यांना खुलं, जुगाराची साइट चालवणारा पण घेऊ शकतो, आणि त्यात आमच्या गावाचं नाव आहे हो!

६० दिवसांनी डोमेन हलवण्यावरचा लॉक काढला, ऑथ कोड (डोमेन हलवायचा गुप्त कोड) नवीन ठिकाणी टाकला, पाच दिवसांत डोमेन तिकडे गेलं. साइट चालू पण मेल बंद. साइट आणि मेल कुठे आहे हे सांगणारे नेमसर्व्हर जुन्या कंपनीचे होते, त्यातल्या नोंदी (रेकॉर्ड) नवीन ठिकाणी उतरवताना साइटचा ए रेकॉर्ड घेतला आणि मेलचा एमएक्स रेकॉर्ड राहून गेला. दोन दिवसांनी ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, एकपण मेल नाही आला, असं कधी होत नाही", तेव्हा लक्षात आलं.

विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, बँकेतल्या सह्या बदलतात, मग डोमेन कुणाच्या नावावर आहे हे पण त्याच बैठकीत बघायला नको का? वाचनालयं, गणेश मंडळं, भजनी मंडळं, सगळ्यांना कळकळीने सांगतो, येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्या. मालक म्हणून संस्थेचं नाव टाका, ईमेल संस्थेचा द्या पण त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं की ओटीपी पण येणार नाही. पासवर्ड सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांकडे ठेवा. आणि कंपनी बदलायची असेल तर आधी डोमेन हलवा, मालकाचं नाव नंतर बदला; डोमेन कुणाच्या नावावर आहे हे मात्र मुदत संपायला निदान चार महिने असतानाच बघून ठेवा.

आमच्याकडे रिन्यूअलची तारीख आता वर्गणीच्या फळ्यावर खडूने लिहिलेली आहे, लाइटबिलाच्या खाली.

आपला,
वाचनालयाचा एक कार्यकारिणी सदस्य,
जि. सातारा